समोरच्या दुकानातला चष्मा

चष्मेवाल्यांच्या लेकीच्या नाकावर समोरच्या दुकानातला चष्मा आहे. आता बोला! शिंप्याच्या पोरीने दुसऱ्या शिंप्याकडे कपडे टाकावेत, तसं झालं हे. गल्लीतल्या लोकांनी यावर आपापली डोकी चालवून पाहिली. कुणी म्हणालं, बाप-लेकीचं फाटलं असेल. कुणी म्हणालं, समोरच्याने मुद्दाम फुकट दिला असेल, यांना खिजवायला. चष्मेवाल्यांना तोंडावर विचारलं, तर ते म्हणतात, "तिला तीच फ्रेम आवडली," आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर मोजपट्टी धरून कामाला लागतात. खोटं नाही ते. पण तेवढंच खरं आहे असंही नाही. सगळं खरं ऐकायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि ऐकता ऐकता चष्मेवाल्यांचा राग येईल. येऊ द्या. सांगणाऱ्यालाही येतो.

आता हा समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दुसरा चष्मेवाला. तरुण, बोलघेवडा, दुकानभर आरसे लावलेले. आमचे चष्मेवाले त्याचं नावसुद्धा घेत नसत. "काचा घासता येत नाहीत आणि फ्रेमा विकतोय," म्हणायचे. दोघे एकमेकांना पाण्यात पाहायचे, आणि रस्ता ओलांडताना मात्र एकमेकांना हसून मान हलवायचे. धंद्यात चालतंच असं.

यांचं दुकान एका दाराचं, लांबट. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे उंच फिरती खुर्ची, आणि खुर्चीसमोर पार टोकाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर मोठ्ठा 'क', खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. या खुर्चीत बसलं ना, की भले भले अंग चोरतात. घरी चार माणसांना धाकात ठेवणारा मिशीवाला इथे शाळकरी पोरासारखा डोळे बारीक करतो, मान पुढे काढतो, आणि अंदाजपंचे काहीतरी ठोकून देतो. मग चष्मेवाले हसून म्हणतात, "अहो, ही परीक्षा नाही. इथे कुणी नापास होत नाही. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात लाजायचं काय?" माणूस हुश्श करतो आणि खरं बोलायला लागतो. हे वाक्य चष्मेवाले दिवसातून किती वेळा म्हणत असतील, देव जाणे. त्यांच्या हाताला यश होतं ते काचांमुळे कमी आणि या वाक्यामुळे जास्त.

तरुणपणी ते एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे हाताखाली होते. काम चोख. पण तो डॉक्टर पेशंटांदेखत यांना 'ए' म्हणून हाक मारायचा. नावाने नाही, नुसतं 'ए'. ते 'ए' काट्यासारखं रुतून बसलं. मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातच त्यांनी ठरवून टाकलं, ही टेबलाच्या पलीकडे बसणार. पाळण्यातल्या पोरीला ते 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागले. गंमत म्हणून सुरू झालं आणि तेच नाव पडलं. दूधवालासुद्धा म्हणायचा, "डॉक्टरीणबाई रडतायत वाटतं!" अहो, अजून तोंडात दात नाहीत आणि दारावर पाटी लागली.

आई छापखान्यात पुस्तकं बांधायला जायची, म्हणून डॉक्टरीणबाई दुकानातच वाढली. दिवसभर लोक तक्ता वाचणार आणि ही खाली स्टुलावर बसून ऐकणार. नीट चालता येत नव्हतं तेव्हा तिला तक्ता पाठ होता. क. मग र, ल. मग ग, प, म. चष्मेवाले तिला काउंटरवर उभी करून गिऱ्हाइकांना ऐकवायचे. लोक टाळ्या वाजवायचे, आणि बापाची छाती फुगायची. खोटं कशाला बोला, तेव्हा तिलाही मजा यायची.

पुढे शाळा सुरू झाली आणि मजा संपली. रोज संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं, की डॉक्टरीणबाईने त्या उंच खुर्चीत बसायचं आणि उजळणी द्यायची. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न. शाबासकी नाही. बरोबर तर यायलाच हवं, त्याची शाबासकी कसली? आणि चुकलं, तर चष्मेवाले काही बोलायचे नाहीत. त्यांनी लेकीवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, हे सगळी गल्ली शपथेवर सांगेल. ते फक्त नाकावरचा चष्मा काढायचे, खिशातून पिवळं फडकं काढायचे आणि काचा पुसायला लागायचे. सावकाश. आधी उजवी, मग डावी. मग चष्मा चढवून म्हणायचे, "पुन्हा." बस, एवढंच. मारणाऱ्या बापापासून पळून तरी जाता येतं हो. या पुसण्यापासून पोरीने कुठे पळायचं? त्या फडक्याचा चुर्रचुर्र आवाज आला की ती खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसायची.

एकदा वार्षिक परीक्षेच्या आधी त्यांनी तिचे डोळे तपासायला घेतले. खालच्या ओळी तिला धूसर दिसल्या. ती अडखळली, भलतंच अक्षर म्हणाली. चष्मेवाल्यांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. फडकं निघालं. "पुन्हा." गिऱ्हाइकाला जे वाक्य ते उठता-बसता म्हणायचे, ते त्या वेळी लेकीला म्हणाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ते वाक्य गिऱ्हाइकांसाठी होतं. घरच्या माणसाशी कोण असं बोलतं? पोरीने मनातल्या मनात तक्ता आठवला आणि धडाधड म्हणून दाखवला. "शंभर टक्के," बाप म्हणाला. तेव्हापासून दर परीक्षेआधी डोळे तपासले जायचे आणि दर वेळी शंभर टक्के. शेवटची ओळ अशी घडाघडा वाचणाऱ्याच्या डोळ्यात दिवा मारून कोण बघतं?

तिची नजर वर्षागणिक उतरत होती, आणि गंमत बघा, त्यातली एकेक खूण बापाला लेकीचा गुण वाटत होती. ती पुस्तकात नाक खुपसून वाचायची. हे म्हणायचे, "काय एकाग्रता आहे!" तिने चेंडू खेळणं सोडलं, कारण चेंडू तोंडावर आदळेपर्यंत दिसायचा नाही. हे म्हणायचे, "आपणहून सोडलं हो, समज आली." रस्त्यापलीकडून मैत्रिणी हात करायच्या आणि ही सरळ पुढे निघून जायची. मैत्रिणी म्हणाल्या, शिष्ट आहे, आणि त्यांनी हात करणं बंद केलं. यावर चष्मेवाले काय म्हणाले असतील? "बरं झालं, वेळ वाचला."

तोपर्यंत ती पहिल्या बाकावर बसायची, म्हणून निभत होतं. मग एका वर्षी वर्गाच्या बाईंनी उंच मुलांना मागे बसवलं, आणि डॉक्टरीणबाई पहिल्या नंबरावरून घसरली ती पार मधल्या गर्दीत. चष्मेवाल्यांनी सकाळचीही उजळणी सुरू केली. नंबर आणखी घसरला. बाईंनी त्यांना शाळेत बोलावून घेतलं. "फळ्यावरचं चुकीचं उतरवते. डोळे एकदा तपासून घ्याल का?"

चष्मेवाले असे हसले, की बाईच ओशाळल्या. "बाई, माझा धंदा काय आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

तरी घरी जाताना त्यांनी तिला दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं. पोरीने शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला. "डोळे उत्तम आहेत. म्हणजे तू मन लावत नाहीस. दुसरं काही कारण उरलं का, तूच सांग."

"नाही, बाबा," ती म्हणाली. काय करणार? दिसत नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचं शंभर टक्के खोटं ठरतं. आळशी ठरणं सोपं होतं. पोरगी आळशी ठरली.

मग नखं कुरतडणं आलं. सकाळी पोटात दुखणं आलं. चाचणी परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी उलटी झाली. आणि एका सकाळी आई तिची वेणी घालत होती, तेव्हा पोरगी अगदी साध्या आवाजात, पेन हरवल्याचं सांगावं तसं म्हणाली, "आई, रात्री झोपल्यावर सकाळी जागच आली नाही तर किती बरं होईल ना."

आईचे हात थांबले. तिने वेणी कशीबशी पुरी केली, पोरीला जवळ घेतलं, आणि त्या दिवशी छापखान्यात गेलीच नाही. पोरीलाही शाळेत पाठवलं नाही. दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा तिने ताट वाढण्याआधी त्याला हे सांगितलं.

"परीक्षेची धास्ती असते गं," चष्मेवाले म्हणाले. "मोठी झाली की हसेल."

"मोठी झाली तर ना?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला. "अहो, शिर सलामत तर पगडी पचास. पोरगी राहिली तर डॉक्टरीण होईल. माझी पोरगी आतल्या आत विझत चाललीय आणि तुम्हाला नंबराचं पडलंय!"

चष्मेवाले त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. बायको आवाज चढवणारी नव्हती, आणि त्यांनाही घाबरायला झालं होतं, हे त्यांनी कबूल केलं नाही तरी खरं आहे. काय करावं ते सुचेना. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की काही दिवस पोरीशी जरा हसून-खेळून वागायचं. चेष्टामस्करी करायची. बाप हा कामाचा माणूस असला की चेष्टामस्करीचाही कार्यक्रम आखतो.

संधी लगेच मिळाली. त्या आठवड्यात दुकान रंगवायला काढलं होतं. रंगाऱ्याने तक्ता खिळ्यावरून उतरवून गोदामात ठेवला होता आणि टोकाची भिंत पांढरी शुभ्र करून टाकली होती. तो शिडीवर चढून छताची कड रंगवत होता, तेवढ्यात पोरगी शाळेतून आली. चष्मेवाल्यांना मस्करी सुचली. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, हातात छडी घेतली आणि कोऱ्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा विचार असा, की पोरगी म्हणेल, "बाबा, तक्ता कुठाय?" आणि दोघं मिळून हसतील. बिचाऱ्याने मनात हसूनही घेतलं होतं.

"चला डॉक्टरीणबाई, वाचा बघू," ते म्हणाले आणि छडी भिंतीवर टेकवली.

पोरगी ताठ बसली. "क," ती म्हणाली. "र, ल. ग, प, म." छडी खाली खाली जात राहिली आणि ती वाचत राहिली, शेवटच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, कुठेही न अडखळता.

शिडीवरचा रंगारी खो खो हसला. "शेठ, तुमची पोरगी तुमच्यावर वरताण निघाली! हजरजबाबी आहे!" चष्मेवालेही हसले. त्यांना वाटलं, मस्करी आपल्यावरच उलटवली लबाडाने. आणि मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती यांच्या हाताकडे कान लावून बसली होती, हात खिशाकडे जातोय का याचा कानोसा घेत.

"तक्ता दिसतोय ना तुला?" त्यांनी विचारलं.

"दिसतोय, बाबा."

रंगाऱ्याचं हसू थांबलं. तो काहीतरी बोलणार होता, चष्मेवाल्यांनी हातानेच त्याला गप्प केलं. कुणीच बोलत नाही म्हटल्यावर पोरगी घाबरली. "चुकलं का?" तिने विचारलं. "पुन्हा म्हणू?"

चष्मेवाले तिथेच, भिंतीला टेकून खाली बसले. ओल्या रंगाचा मोठा पट्टा पाठीवर उमटला, तो त्यांना घरी जाईपर्यंत कळला नाही.

त्याच संध्याकाळी, रंगारी गेल्यावर, त्यांनी तक्ता परत टांगला, लेकीच्या डोळ्यांवर तपासणीची जड चौकट चढवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ते वाक्य म्हणाले. "ही परीक्षा नाही गं. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं."

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि आणखी ताठ बसली.

त्यांनी एक काच घातली, काढली, दुसरी घातली. "आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं?"

"आता."

"नक्की?"

"नाही, नाही. आधी."

"घाई नको. पुन्हा बघ." तोंडातून गेलाच तो शब्द. पोरीने अंग आक्रसून घेतलं. त्यांनी काचा बदलल्या, पुन्हा विचारलं, आणि ती त्यांच्या आवाजातला चढउतार ऐकून उत्तर देत राहिली. शेवटी तिने चौकटीतून त्यांच्याकडे तोंड वळवलं. "बाबा, यातलं बरोबर उत्तर कुठलं आहे? ते सांगा ना, मी लक्षात ठेवते."

डोळ्यात दिवा मारून अंदाज लागतो, पण नेमकी काच खुर्चीत बसलेल्यानेच सांगायची असते. अख्ख्या गावाचे डोळे तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीचा नंबर काढता येईना. कसा येणार? तिला डोळे होते ते पुढे पाहायला, आणि ती सगळा वेळ बापाला पाहत होती. त्यांनी तिच्या डोळ्यांवरची चौकट उतरवली, तिला घरी आणलं, आणि स्वयंपाकघरात बायकोसमोर ते रडले. मोठ्याने नाही, पण रडले. "मला ती खरं सांगत नाही गं," ते म्हणाले. "मला सांगूच शकत नाही ती."

आई डोळे पुसत म्हणाली, "मग जिथे सांगेल तिथे न्या. समोर न्या."

"समोर?"

"समोर."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि लेकीचा हात धरून रस्ता ओलांडला. गल्लीतल्या दोन-चार दुकानदारांनी काम सोडून पाहिलं. समोरचा आधी गडबडलाच, त्याला वाटलं भांडायला आले. "हिचे डोळे तपासायचेत," चष्मेवाले म्हणाले. "मी बाहेर बसतो." आणि ते दाराशी बाकावर जाऊन बसले.

आतल्या पडद्यामागून समोरच्याचा आवाज आला. "हे बघ ताई, ही काय परीक्षा नाही. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचं. काय?" यांचंच वाक्य! एरवी हे म्हणाले असते, माझं चोरलं. धंद्यात सगळेच म्हणतात हो ते.

मग लेकीचा आवाज आला, दबका. "दिसत नाही."

"बरं. ही ओळ?"

"दिसत नाही."

"वरची?"

"तीपण नाही." आवाज जरा मोकळा झाला होता. "मोठ्ठं अक्षर असतं ना वर, तेसुद्धा कुठे आहे कळत नाही. काहीच दिसत नाही!" आणि ती हसली. चष्मेवाले बाकावर बसून ऐकत होते. लेकीचं हसणं त्यांनी इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं, की आधी त्यांना ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

समोरचा पडदा सारून बाहेर आला. "नंबर बराच आहे हो. वाढत वाढत आलेला दिसतोय. आधी कुणी तपासले नव्हते का?"

चष्मेवाल्यांना खोटं बोलता आलं असतं. "तपासले होते," ते म्हणाले. "मीच तपासले होते." समोरच्याने आतून पाण्याचा ग्लास आणून यांच्या हातात दिला.

फ्रेम निवडताना पोरीने दहा चढवल्या आणि उतरवल्या. "बाबा, कुठली चांगली?"

चष्मेवाल्यांच्या मनात एक बारीक सोनेरी होती. ती अगदी जिभेवर आली होती. "मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "नाक तुझं आहे." तिने जाड, तांबडी, कानापर्यंत रुंद अशी एक फ्रेम उचलली. चेहऱ्याला बिलकूल शोभत नव्हती. अजूनही शोभत नाही.

वार्षिक परीक्षेत ती मधल्या गर्दीतच राहिली. उजळणीची खुर्ची फक्त गिऱ्हाइकांसाठी उरली. पोटातलं दुखणं लगेच गेलं नाही, बरेच दिवस रेंगाळलं. आई दर आठवड्याला तिला शाळेच्या समुपदेशक बाईंकडे घेऊन जायची. 'डॉक्टरीणबाई' ही हाक आधी घरात बंद झाली, मग दूधवाल्याने सोडली. पण हे सगळं नंतरचं. चष्मा तयार झाला, त्या दिवशी बाप-लेक तो आणायला पुन्हा समोर गेले होते, ते सांगायचं राहिलं.

तिने चष्मा घातला आणि पायरीवर येऊन उभी राहिली. समोर रस्त्यापलीकडे त्यांचं स्वतःचं दुकान होतं. बराच वेळ ती बघत राहिली.

"बाबा, आपल्या पाटीवर नावाखाली आणखी एक ओळ आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," चष्मेवाले म्हणाले.

ती वाचायला लागली. घडाघडा नाही, एकेक अक्षर सुटं करत, नवीनच वाचायला शिकल्यासारखी. "येथे... डोळे... काळजी..." मधेच ती अडखळली, "काळजीने" म्हणाली, मग मान हलवून मागे आली, "नाही, नाही, काळजीपूर्वक. काळजीपूर्वक तपासले..."

चष्मेवाल्यांचा हात नाकाकडे गेला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चष्म्याच्या काचा या वेळी खरोखरच धूसर झाल्या होत्या. पण ती अजून वाचत होती. त्यांनी हात खाली घेतला, फडकं खिशातच राहू दिलं, आणि तिचं वाचून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.